वेलनेसवाल्यांनो, आधी कॉलची वेळ बदला

आज दुपारी एक ते दोन आमच्याकडे वेबिनार होता, विषय 'बर्नआउटवर मात', म्हणजे कामाच्या ताणाने पार थकून जाण्यावर. एक ते दोन म्हणजे डबा खायची वेळ, हे सांगायला नकोच. मेलमध्ये ऐच्छिक लिहिलेलं, पण खाली बारीक अक्षरात अटेंडन्स मॅनेजरकडे जाणार हेही लिहिलेलं, मग कसलं ऐच्छिक? कॅमेरा ऑन. मी डबा कॅमेऱ्याच्या खाली मांडीवर धरून गवारीची भाजी खात होते. वेबिनार घेणाऱ्या बाई बोलत होत्या चांगलं, उगाच नावं ठेवणार नाही. सात-आठ तास झोपा, झोपायच्या तासभर आधी स्क्रीन बंद करा, रात्रीचं लवकर जेवा. मग म्हणाल्या डोळे मिटून दीर्घ श्वास घ्या, मी घेतला, आणि तेवढ्यात चॅटवर मॅनेजरचं टिंग, 'पाच मिनिटं आहेस का?' श्वास आतच राहिला.

त्याच मॅनेजरने आज रात्री साडेनऊचा कॉल लावलाय. आता मी झोपायच्या तासभर आधी कुठली स्क्रीन बंद करू ते जरा कुणीतरी सांगा.

मागच्या प्रोजेक्टवर आमचा मॅनेजर लातूरचा होता. बोलायला फटकळ, कौतुक वगैरे भानगड नाही, वेलनेस हा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. तो आला तेव्हा आमचे कॉल असेच रात्री साडेनऊ-दहाला असायचे कारण 'क्लायंटला तेच सूट होतं'. याने पहिल्याच आठवड्यात अमेरिकेतल्या क्लायंटला सरळ विचारलं, तुमचे सकाळचे नऊ म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसहा, तेव्हा बोलूया का? ते म्हणाले, हो चालेल. बास. एवढंच. इतकी वर्षं कुणी विचारलंच नव्हतं! कॉल सातला संपायचा, सव्वासातची बस मिळायची, भूमकर चौकात कितीही अडकलं तरी सिंहगड रोडला घरी पोचून लेकीबरोबर जेवायला बसता यायचं. माझी रोज सकाळची अ‍ॅसिडिटीची गोळी बंद झाली, आणि त्यासाठी मला कुणी स्मूदी पाजली नव्हती.

असं बोललं की लगेच एचआरमधल्या मैत्रिणी म्हणणार, अगं पण योगाचा फायदा होतोच ना. होतो. हेल्थ चेकअपमध्ये आमच्या एकाची शुगर निघाली, तो वेळेत सावध झाला, तेही मान्य. पण जो स्टेप चॅलेंजला, म्हणजे पावलं मोजायच्या स्पर्धेला, नाव देतो तो आधीच सकाळी तळजाईची टेकडी चढून आलेला असतो हो! ज्याला गरज आहे तो हिंजवडी फेज थ्रीच्या बसमध्ये मान टाकून झोपलेला असतो. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठाने आपल्याच जवळपास पाच हजार कर्मचाऱ्यांवर, कुणाला प्रोग्रॅम द्यायचा आणि कुणाला नाही हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून, हे तपासलं होतं, वेलनेस प्रोग्रॅमने तब्येतीत दखल घ्यावी असा फरक पडलाच नाही, उलट भाग घेणारे मुळातच जास्त धडधाकट निघाले. आमच्या कँटीनमधल्या कुणीही हे चहा पिता पिता सांगितलं असतं.

आणि बर्नआउट म्हणजे माझं काहीतरी बिघडलंय, हे जे गृहीत धरतात ना त्याने डोकं फिरतं. डब्ल्यूएचओनेच, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेनेच, २०१९ मध्ये सांगितलंय की तो आजार नाही, कामाच्या ठिकाणच्या ताणाचं नीट व्यवस्थापन न झाल्याने होतो. म्हणजे ताण ऑफिसने द्यायचा आणि श्वास मी घ्यायचा! गळका नळ तसाच ठेवून घरातल्यांना पोहायला शिकवण्यातला प्रकार आहे हा.

ऑफिसने दिलेलं ते काउन्सेलिंगचं अ‍ॅप पण तसलंच. लॉगिनला एम्प्लॉयी आयडी मागतं. कोण बोलणार त्यावर मोकळेपणी, तेही अप्रेझलच्या तोंडावर? असेलही सगळं गुप्त, पण भीती असते ती असतेच. (ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी सरकारची टेलिमानस हेल्पलाइन आहे, १४४१६, फुकट, चोवीस तास, मराठीतही बोलतात. ऑफिसचा काही संबंध नाही. नंबर सेव्ह करून ठेवा, हे चिडून नाही, मनापासून सांगतेय.)

बरं हे सगळं आपल्यासारख्या एसीत बसणाऱ्यांचं झालं. २१ जूनला लॉबीत योगा डे झाला तेव्हा मॅट कुणी अंथरल्या, तर हाउसकीपिंगच्या मावशींनी. आणि गेटवरचा सिक्युरिटीवाला दादा, बारा तासांची ड्युटी, उभाच. मी एकदा विचारलं खुर्ची का नाही, तर म्हणाला, 'मॅडम, बसलेलं बरं दिसत नाही म्हणतात.' केरळने २०१८ मध्ये दुकानात काम करणाऱ्यांना बसायचा हक्क कायद्यात घातला, तामिळनाडूने २०२१ मध्ये. आपल्याकडे तसं व्हायची वाट बघायची काय गरज आहे, एक स्टूल द्या ना त्याला! तो वेलनेसच्या बजेटमध्ये बसत नाही कारण तो कॉन्ट्रॅक्टवर आहे.

क्लायंटच्या जिवावर पगार होतात हे मला कळतं. सॉफ्टवेअरची रिलीज असली की रात्र होणारच. आमचा तो लातूरवाला पण रिलीजला आम्हाला रात्री बसवायचा, अगदी निर्दयपणे बसवायचा, पण दुसऱ्या दिवशी बाराच्या आत कुणी लॉगिन केलं तर ओरडायचा. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे गेली आणि साडेसहाचा कॉल साडेसातवर गेला, तर त्याने रोजचा कॉल आठवड्यात दोनदाच ठेवला आणि बाकीचं मेलवर ढकललं. काम अडलं? काही नाही अडलं. त्याला त्या वर्षी अ‍ॅवॉर्ड मिळालं नाही, ते मिळालं स्टेप चॅलेंज भरवणाऱ्या टीमला, असो.

वेबिनार संपल्यावर फीडबॅक फॉर्म आला. पाच स्मायली, त्यातली एक निवडायची, लिहायला जागाच नाही. म्हणून इथे लिहिलं.

तुमच्यापैकी कुणाच्या ऑफिसात कॉलची वेळ, शिफ्ट, सुट्टी असलं काही खरंच बदललं असेल तर खाली लिहा, कसं जमवलं तेही लिहा, मी उद्या आमच्या एचआरला पाठवणार आहे. आणि 'क्लायंट ऐकत नाही गं' असं लिहिणार असाल तर आधी हे सांगा, त्याला विचारलं कुणी होतं?