आडात होतं, म्हणून पोहऱ्यातही आलं

कळंब्यात घर घेतलं म्हटलं की कोल्हापूरकर पहिल्यांदा विचारतो, "किती वर्षांसाठी?" मध्यवर्ती कारागृह त्याच बाजूला असल्यानं हा विनोद सगळ्या शहराच्या मालकीचा आहे. मी खरं तेच सांगतो, "वीस." बँकेनं तेवढीच ठोठावली आहेत आणि चांगल्या वर्तणुकीबद्दल त्यात सूट नाही.

घराच्या परसात आड आहे. विकणाऱ्यानं भिंतीच्या ओलीपुढून आम्हाला भराभर नेलं, पण आडापाशी मात्र पोहरा ओढून, ओंजळ भरून स्वतः पिऊन दाखवलं. "साखर आहे, साखर!" शेजारच्या अण्णांनी कुंपणावरून दुजोरा दिला. "२०१९ च्या महापुरात पंपच बुडालं. चौफेर पाणी आणि नळाला थेंब न्हाई. तवा अख्खी गल्ली ह्या आडावर जगली बघा."

ही साखर कुकरला मात्र मान्य नव्हती. शिट्ट्या वाजून वाजून संपल्या तरी तूरडाळीचे दाणे आपापलं स्वतंत्र अस्तित्व सोडायला तयार नसत. साबण फेसाऐवजी बादलीत साय धरायचा. नवी किटली आतून पांढरी पडली. त्यात बायकोचं माहेर इचलकरंजीचं. २०१२ ची तिथली काविळीची साथ तिच्या डोक्यातून गेलेली नाही. फर्मान निघालं, "आधी पाणी तपासून आणा."

गल्ली माझ्याकडं अशी बघू लागली, की मी जणू अंबाबाईच्या प्रसादाचा रासायनिक अहवाल मागवला होता. "तपासायचं कशाला ओ?" अण्णा म्हणाले. "आमचा आज्जा ह्येच पाणी पिऊन तालमीत जोर काढायचा. आणि आत मासं बघितलासा न्हवं? मासं जगत्यात म्हंजे पाणी चांगलंच." मासे म्हणजे गप्पी मासे. डासांच्या अळ्या खाव्यात म्हणून आरोग्य खात्याच्या माणसानं कधीकाळी सोडलेले. माशाला कावीळ झालेली कोण बघतंय?

रसायनांच्या तपासणीला साधा स्वच्छ कॅन चालतो. जंतूंच्या तपासणीला मात्र कडक सोवळं. बाटली प्रयोगशाळेनंच दिलेली, निर्जंतुक केलेली. झाकण ऐनवेळी उघडायचं, आतून बोट लागता कामा नये, काठोकाठ भरायची नाही आणि बर्फात ठेवून २४ तासांच्या आत पोचवायची. बर्फाचा डबा मासेवाल्याकडून उसना आणला होता. प्रयोगशाळेच्या दारातल्या मामांनी नाक वर करून विचारलं, "सुरमई हाय काय?"

अहवाल आला. विरघळलेले क्षार लिटरला ६४० मिलिग्रॅम. आयएस १०५०० हे भारतीय मानक म्हणतं ५०० पर्यंत बरं. दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्या. काठिण्य, म्हणजे डाळ शिजू न देणारा पाण्याचा जडपणा, ४२०, तिथं २०० बरं आणि ६०० ही शेवटची हद्द. डाळ निर्दोष सुटली. आमच्याकडच्या काळ्या खडकातून झिरपताना पाणी कॅल्शियम, मॅग्नेशियम बरोबर घेऊनच येतं. नायट्रेट ५२, आणि त्याला ४५ च्या पुढं कुठलीही सवलत नाही, कारण तान्ह्या बाळांना ते बाधतं. तळाशी कोलिफॉर्म जंतू, "आढळले". शंभर मिलिलिटरमध्ये एकही नसावा असा नियम आहे.

अण्णांनी चष्मा लावून कागद वरून खाली, मग उलटून वाचला. "ह्यात चव कुठं लिवलीया?"

अहवालाची बातमी फिल्टरवाल्यांना कशी लागते कोण जाणे. एक गळ्यात टाय बांधलेला तरुण आला. त्यानं दोन ग्लास मांडले, एकात आमचं पाणी, एकात त्याच्या यंत्रातलं. दोन्हीत धातूच्या कांड्या बुडवून बटण दाबलं. बघता बघता आमच्या ग्लासात तपकिरी-हिरवट गाळ उसळला. त्याचा ग्लास नितळच्या नितळ. "काका, हे तुम्ही पिताय." बायकोनं पदर तोंडाला लावला. अण्णा कुंपणावरून एवढे वाकले की कुंपण करकरलं.

आता शाळेतलं विज्ञान आयुष्यात एकदाच उपयोगी पडतं, ते इथं पडलं. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते आणि लोखंडी कांडी झिजून गंज उतरतो. गाळ आमच्या आडाचा नव्हताच, त्याच्या कांडीचा होता. मी स्वयंपाकघरातून चिमूटभर मीठ आणून त्याच्या नितळ ग्लासात टाकलं आणि म्हटलं, "आता दाबा." त्याचंही पाणी रंगलं. अण्णा खूश. "तांबडा झाला, आता पांढरा दावा की!"

जंतूंचा बंदोबस्त टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडरनं करायचा ठरला. आरोग्यसेवकानं हिशेब दिला, हजार लिटरला अडीच ग्रॅम. आडाचा व्यास दीड मीटर, पाणी चार मीटर. व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ३.१४, भागिले चार. साधारण सात घनमीटर, म्हणजे सात हजार लिटर. म्हणजे पावडर साडेसतरा ग्रॅम. गल्लीचे अंदाज पसाभरापासून अर्ध्या पोत्यापर्यंत होते. साडेसतरा ग्रॅम अचूक मोजायला मला गुजरीतला सराफ मित्र आठवला. त्यानं सोन्याच्या काट्यावर टीसीएल तोलायला साफ नकार दिला, वर चहाही पाजला नाही.

पण पावडर पडली की गप्पी गेले. अण्णा हट्टाला पेटले, "आदी मासं काढा." मग जुन्या मच्छरदाणीची झोळी, कप्पीवरून दोर, आणि अण्णांचं मार्गदर्शन: "डावीकडं... तुमची डावी न्हवं, माशाची!" बरेचसे वर आले आणि अण्णांच्या सिमेंटच्या टाकीत राहायला गेले. दोघंतिघं शेवटपर्यंत झोळीला शरण आले नाहीत; त्यांच्यासाठी आम्ही दोघंही थोडा वेळ गप्प उभे राहिलो. मग बादलीत पावडर कालवली, चुना खाली बसू दिला, वरची निवळी आडात सोडून पोहरा खालीवर केला. तासाभरानं थोड्या पाण्यात क्लोरीन तपासायच्या 'ओटी' द्रावणाचे थेंब टाकले, पिवळा रंग आला. क्लोरीन जागेवर होता.

नायट्रेट मात्र क्लोरीनला भीत नाही. उकळावं तर पाणी आटतं, ते तेवढंच राहतं, म्हणजे उलट दाट होतं. येतं कुठून? एक तर उसाला पडणाऱ्या युरियातून, नाही तर शोषखड्ड्यातून. आड आणि शोषखड्डा यांच्यात पंधरा मीटर अंतर हवं. मी टेप घेऊन निघालो आणि टेपचं दुसरं टोक अण्णांच्या अंगणात गेलं. नऊ मीटर.

"आज माप काढायला आलायसा, उद्या मोजणी आणशीला," एवढंच बोलून अण्णा आत गेले. खड्डा उताराच्या खालच्या अंगाला असल्याचा खुलासा त्यांनी नंतर नातवाकरवी पाठवला. मुद्दा बिनतोड नव्हता, पण मी तो मान्य केला. घर वीस वर्षांसाठी आहे.

शेवटी पिण्यापुरतं आरओ बसवलं. त्यातून बाहेर पडणारं खारं पाणी फरशीला, आडाचं धुण्याला आणि झाडांना. अण्णा गल्लीत सांगत असतात, "मशीनचं पाणी म्हंजे मेल्यालं पाणी. त्याला काय चव हाय व्हय?"

परवा दुपारी अण्णांचा डोळा लागल्यावर वहिनी मागच्या दारानं कळशी घेऊन आल्या. "तूरडाळीपुरतं द्या. ह्यास्नी बोलू नगासा. डाळ मऊ शिजती ती नव्या कुकरमुळं, असं सांगितलंय मी."