डस्टरऐवजी पायमोजा? धुरळणीविषयीच्या एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

परसबाग आणि गच्चीवरील बाग करणाऱ्यांमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा सारांश असा, की धुरळणीसाठी, अर्थात कीटकनाशक पावडर कोरडीच झाडांवर उडवण्यासाठी, डस्टर (हवेच्या झोताने पावडर उडवणारे साधन) विकत घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. जुन्या पायमोज्यात पावडर भरून गाठ मारावी आणि पाने पांढरी दिसेपर्यंत तो झाडावर झटकावा. पावडर कोणतीही चालते, पाण्याचा संबंध नसल्यामुळे फवारणीसारखा धोका नाही, आणि काम झाल्यावर मोजा धुऊन पुन्हा वापरता येतो. यातील पहिल्या विधानात थोडे तथ्य आहे. मात्र ते नेमके कोठे लागू पडते हे न सांगितल्यामुळे तेही दिशाभूल करणारे ठरले आहे.

काकडी, भोपळा, दोडका यांच्या कोवळ्या रोपांवर लाल भुंगे आले की चुलीची थंड राख फडक्यातून किंवा थेट हाताने भुरभुरण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे आणि ती उपयोगी पडते. याचे कारण असे, की रोप जमिनीलगत असते, भुंगा बहुधा पानाच्या वरच्या बाजूस बसून खातो, आणि राख थोडी अधिक पडली तरी फारसे बिघडत नाही. मावा, पांढरी माशी आणि लाल कोळी यांची वस्ती मात्र मुख्यतः पानांच्या खालच्या बाजूस असते. मोज्यातून सुटलेली पावडर स्वतःच्या वजनाने खाली येते आणि वरच्या पानांवर थांबते. किडीपर्यंत ती पोहोचतच नाही. डस्टरमध्ये पावडर हवेच्या झोतावर स्वार होऊन बाहेर पडते. तोंडाशी वाकवलेली नळी झुडपाच्या खालून आत सरकवली की झोत वरच्या दिशेने जातो आणि पानांच्या खालच्या बाजूस पातळ थर बसतो. हा मूळ फरक सल्ला देणाऱ्याच्या ध्यानातच आलेला दिसत नाही.

डस्टर म्हटले की अनेकांच्या डोळ्यांपुढे शेतातील मोठे यंत्र येते आणि त्यातूनच ‘कशाला हवा तो खर्च’ ही भावना निर्माण होते. गळ्यात किंवा खांद्यावर अडकवून हाताने फिरवायच्या रोटरी डस्टरच्या पेटीत साधारण चार-पाच किलो पावडर मावते. मूठ फिरवली की दातेरी चक्रांमुळे पंखा वेगाने फिरतो आणि पेटीतील ढवळणी पावडरच्या गुठळ्या होऊ देत नाही. हे यंत्र पिकांच्या ओळींसाठी आहे. वीस-तीस कुंड्यांसाठी ते कोणी घेत असेल, तर मोजावाल्यांचा आक्षेप मला मान्य आहे, कारण त्यातून एका फेरीत पडणारी पावडरच गच्चीच्या गरजेहून अधिक असते. पाठीवरच्या इंजिनाच्या डस्टरचा तर येथे प्रश्नच नाही. घरच्या बागेला दट्ट्याचा छोटा हातडस्टर किंवा रबरी फुगा दाबून चालवायचा डस्टर पुरेसा होतो. तो निवडताना रंग किंवा आकार पाहण्यापेक्षा नळी पुरेशी लांब व तोंडाशी वाकलेली आहे का, पावडर कमी-अधिक सोडता येते का, भरण्याचे तोंड रुंद आहे का, आणि जोडांमधून पावडर हातावर गळत नाही ना, एवढे पाहावे. दुकानातच रिकामा दट्ट्या चार वेळा मारून झोत एकसारखा येतो का ते तपासता येते. वापरताना पावडरचा कप्पा काठोकाठ भरू नये. वर हवेला जागा राहिली नाही तर पावडर ढगासारखी न सुटता गोळ्यांनी पडते, आणि मग लोक दोष डस्टरला देतात.

‘पाने पांढरी दिसेपर्यंत’ ही सूचना तर साध्या हिशेबातही टिकत नाही. शेतात धुरळणीच्या भुकटीची शिफारस सामान्यतः हेक्टरी २० ते २५ किलोच्या आसपास असते, म्हणजे चौरस मीटरला दोन ते अडीच ग्रॅम. दहा चौरस मीटरच्या गच्चीला २०-२५ ग्रॅम झाले. पाने पांढरी होईपर्यंत मोजा झटकणारा याच्या कितीतरी पट पावडर संपवतो. जाड थर वाऱ्याने झडून जातो आणि उरलेला भाजीबरोबर स्वयंपाकघरात येतो.

सर्वांत घातक विधान ‘पावडर कोणतीही चालते’ हे आहे. डब्यावर ‘डी. पी.’ असे लिहिलेले असेल तरच ती कोरडी धुरळण्याची भुकटी असते. तिच्यात विषाचा अंश थोडा असतो, उदाहरणार्थ क्विनॉलफॉस १.५ टक्के, आणि बाकी शंखजिऱ्यासारखा निष्क्रिय भाग असतो. ‘डब्ल्यू. पी.’ किंवा ‘एस. पी.’ लिहिलेली पावडर पाण्यात मिसळून पातळ करण्यासाठीच बनवलेली असते. ७५ टक्क्यांचे ॲसिफेट हे अशा पावडरीतले कीटकनाशक कोरडे झटकले, तर वरच्या १.५ टक्क्यांच्या भुकटीच्या पन्नास पट तीव्रतेचे विष आपण नाकापुढे उडवत असतो. जुन्या घरांच्या माळ्यावर अजूनही सापडणारी बी.एच.सी. या जुन्या कीटकनाशकाची पावडर १९९७ पासून प्रतिबंधित आहे. परदेशी व्हिडिओंमध्ये बागेची पावडर म्हणून दाखवल्या गेलेल्या कार्बारिलवर भारतात २०१८ मध्ये बंदी आली (भोपाळच्या ज्या कारखान्यातून १९८४ मध्ये वायुगळती झाली, तेथे हेच कीटकनाशक तयार होत असे). गंधकाची भुकटी प्रामुख्याने भुरी रोगासाठी (पानांवर पांढरी बुरशी येणारा रोग) आणि कोळ्यांसाठी आहे, अळ्यांसाठी नव्हे. शिवाय तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्यावर ती धुरळली तर पाने करपू शकतात, आणि काकडीवर्गीय वेलींना ती विशेष सोसत नाही.

पाणी नाही म्हणून धोका नाही, या विधानाला एक आधार दाखवता येतो: तेलकट द्रवरूप कीटकनाशक त्वचेतून जितके सहज शिरते तितकी कोरडी भुकटी सहसा शिरत नाही. पण भुकटीचा मार्ग मुख्यतः श्वासाचा आहे आणि घामाने ओली झालेली त्वचाही तिला अडवत नाही. मोजा झटकताना हात चेहऱ्याच्या उंचीवर असतो, तर डस्टरची लांब नळी निदान अंतर राखते. अर्थात डस्टर हाती असला तरी धुळीसाठीचा योग्य मास्क, चष्मा, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेतच. वारा पडलेला असताना, भल्या पहाटे पानांवर हलके दव असेल तेव्हा धुरळणी केली तर भुकटी चिकटते आणि शेजाऱ्यांच्या खिडकीत जात नाही. डायटोमेशियस अर्थ (सूक्ष्म शैवालांच्या कवचांची बारीक भुकटी) मात्र दवाच्या बाबतीत याला अपवाद आहे, कारण किडीच्या अंगावरील मेणाचा थर नष्ट करून ती तिला सुकवून मारते आणि ओली असताना हे काम करत नाही. कोणतीही कीटकनाशक भुकटी फुलोऱ्यावर टाकू नये; मधमाशीच्या केसाळ अंगाला ती चिकटते आणि परागाबरोबर पोळ्यात जाते.

राहिला मोजा धुण्याचा मुद्दा. विणीत अडकलेली पावडर घरच्या बादलीत धुणे म्हणजे ते विष मोरीत आणि इतर कपड्यांत नेणे होय. डस्टरमध्ये उरलेली पावडर मूळ पाकिटात परत ओतता येते आणि आतील भाग कोरड्या ब्रशने साफ करता येतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, ती आतच राहू दिली तर दमट हवेने एका रात्रीतही तिचे खडे होऊ शकतात आणि नळी तुंबते. म्हणून काम संपताच तो रिकामा करावा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा कोरड्या जागी कुलपात ठेवावा.