निर्दोष असाल तर जरा अवघडच आहे

अमेरिकेला निघालाय? चिवडा, लोणचं आणि बॅगेचं वजन नंतर बघू. आधी स्वतःच्या नावाकडे नीट बघा. तिथल्या 'नो फ्लाय' यादीत, म्हणजे ज्या संशयितांना विमानात चढू द्यायचं नाही त्यांच्या यादीत, त्याच्याशी मिळतंजुळतं नाव असलं तरी पुरे. 11 सप्टेंबर 2001 ला त्या यादीत जेमतेम 16 नावं होती, पुढे ती हजारोंत गेली. तेव्हा आपला नंबर लागणारच नाही, अशा भ्रमात राहू नका. बोर्डिंग पासवर ओळीने चार 'एस' छापून आले, तर खास तपासणीसाठी तुमची निवड झाली समजा. चेहरा प्रसन्न ठेवा. फार प्रसन्नही नको, संशय येतो.

सुटकेचा सोपा उपाय म्हणजे राष्ट्राध्यक्षाचा भाऊ होणं. सिनेटर टेड केनेडी तेवढे भाग्यवान होते. कुणा संशयिताने 'टी. केनेडी' असं टोपणनाव घेतलं म्हणून 2004 मध्ये त्यांना विमानतळावर पुन्हापुन्हा अडवलं. थेट गृहसुरक्षा मंत्र्यांपर्यंत फोन गेले, तरी नाव निघायला आठवडे लागले. तुमच्याकडे मंत्र्यांचा नंबर नसेलच, तर 2007 पासून रीतसर तक्रार अर्ज आहे. तो भरा. यथावकाश उत्तर येईल. पण यादीत होतात की नव्हतात, हे परक्या माणसाला त्यातून कळेल अशी आशा ठेवू नका.

प्रसिद्ध होऊन बघायचं म्हणाल, तर शाहरुख खानला विचारा. 2009, 2012 आणि 2016, तीनदा तिथल्या विमानतळांवर बसवून ठेवलं. तिसऱ्या वेळी त्याने वाट बघता बघता मोबाइलवर पोकेमॉन पकडले. म्हणून फोन फुल चार्ज करून न्या.

आणि मुख्य म्हणजे, यादीत नावं घालायचा फॉर्म भरणाऱ्या साहेबाची त्या दिवशी झोप झालेली असावी म्हणून नवस बोला. स्टॅनफर्डमध्ये डॉक्टरेट करणाऱ्या एका मलेशियन बाईंना जानेवारी 2005 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला बेड्या घातल्या. बाई व्हीलचेअरवर, सोबत किशोरवयीन मुलगी. झालं होतं असं, की ज्या याद्यांत नाव घालायचं नाही त्यांच्यापुढे खूण करा, असं फॉर्मवर लिहिलेलं. एफबीआयच्या साहेबांनी नेमकं उलटं केलं. चौकोन चुकला, बस्स. दुसऱ्या दिवशी बाईंना मायदेशी जाऊ दिलं, मग व्हिसा रद्द केला. कोर्टात सरकार गुपितांची ढाल पुढे करत राहिलं. चौकोनाची भानगड बाहेर आली 2013 मध्ये आणि नोंदी दुरुस्त करा, असा निकाल लागला 2014 मध्ये. बाईंचं चुकलंच. काहीतरी केलं असतं तर निदान माफी तरी मागता आली असती!

या बाबतीत आपला महाराष्ट्र पुढे आहे. मार्च 2017 मध्ये उस्मानाबादचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी एअर इंडियाच्या कर्मचाऱ्याला चपलेने 25 वेळा मारल्याचं कॅमेऱ्यासमोर स्वतःच सांगितलं. विमान कंपन्यांनी बंदी घातली, साहेब रेल्वेने फिरले, मंत्र्यांना खेदाचं पत्र गेलं आणि पंधरा दिवसांत बंदी उठली. ना कोर्ट, ना चौकोन. तेव्हा जमलंच तर आधी एखाद्या मतदारसंघातून निवडून या. चप्पल हँडबॅगेत न्यायला अजून तरी मनाई नाही.