‘गेमिंगला चार कोर पुष्कळ’ हा सल्ला आता का चालत नाही

गेमिंग पीसी जुळवणाऱ्यांना एक सल्ला हमखास मिळतो: “गेम एकच कोर वापरतात, चारच्या वर कोर म्हणजे पैसे वाया. हवं तर टास्क मॅनेजर बघा, प्रोसेसर ३० टक्केही वापरात नसतो.” (कोर म्हणजे प्रोसेसरमधला स्वतंत्रपणे काम करणारा भाग.) २०१० च्या आसपास यात बरंच तथ्य होतं. आज त्यावर विसंबून जुना चार कोरचा प्रोसेसर घेणारा फसतो, म्हणून एकेक मुद्दा तपासू.

“गेम एकच कोर वापरतात.” २०१३ च्या प्लेस्टेशन ४ मध्ये ८ कोर होते, पण जेमतेम १.६ गिगाहर्ट्झचे. एका कोरवर भागणं शक्यच नव्हतं. त्यामुळे अॅनिमेशन, फिजिक्स, आवाज, डेटा उलगडणं ही कामं तुकडे करून वाटायचं वळण गेम इंजिनांना लागलं. २०१४ चा फार क्राय ४ तर दोन कोरच्या पेंटियमवर सुरूच होत नव्हता. प्लेस्टेशन ५ मध्ये ८ कोर आणि १६ थ्रेड (एकाच वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या रांगा) आहेत, आणि पीसीवर येणारे बहुतेक मोठे गेम याच हिशेबाने बांधलेले असतात.

“मग कोर दुप्पट केले की एफपीएस (दर सेकंदाला दिसणारी चित्रं, म्हणजे फ्रेम) दुप्पट का होत नाहीत?” कारण काही काम वाटताच येत नाही: गेमचं मुख्य लॉजिक, किंवा डायरेक्टएक्स ११ (गेम आणि ग्राफिक्स कार्ड यांच्यातला विंडोजचा दुवा) मध्ये ग्राफिक्स कार्डाला आज्ञा पाठवणं. समजा, एका फ्रेमचं काम २० मिलिसेकंदांचं आहे आणि त्यातले ८ न वाटता येणारे. चार कोरवर ८ अधिक ३, म्हणजे ११ मिलिसेकंद. सुमारे ९१ एफपीएस. सहावर १००, आठवर १०५, सोळावर फक्त ११४. निव्वळ गेमसाठी १६ कोर घेऊ नका, हे आम्हीही सांगतो.

पण चारवर खरा तोटा या सरासरीत दिसतच नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर, विंडोज, डिस्कॉर्ड, ब्राउझर सगळे त्याच चार कोरवर रांग लावतात आणि मधूनच एखादी फ्रेम अडकते. सेकंदात ५९ फ्रेम १५ मिलिसेकंदांच्या आणि एक ११५ ची असेल, तर सरासरी बरोबर ६० एफपीएस येते, तरी झटका डोळ्यांना स्पष्ट जाणवतो. इंटेलचा २०१७ चा कोअर आय५-७६००के, चार कोर आणि चारच थ्रेडचा, बॅटलफील्ड १ च्या ६४ खेळाडूंच्या सामन्यात १०० टक्क्यांवर जाऊन असाच अडखळायचा. त्यामुळे सरासरी सोडा. कॅपफ्रेमएक्स या फ्रेमची वेळ मोजणाऱ्या प्रोग्राममध्ये ‘१ टक्का लो’, म्हणजे सर्वात संथ १ टक्का फ्रेमचे एफपीएस, बघा.

“टास्क मॅनेजरमध्ये ३० टक्केच दिसतं.” तो आकडा सगळ्या थ्रेडची सरासरी असतो. १६ थ्रेडपैकी एक पूर्ण भरला तरी सुमारे ६ टक्केच दिसतील. शिवाय विंडोज चालू कामाला या कोरवरून त्या कोरवर हलवत असतं, म्हणून वेगवेगळे आलेख उघडूनही कुठलाच भरलेला दिसत नाही. नेमकी चाचणी सोपी आहे: रिझोल्यूशन ७२०पी वर आणा. एफपीएस जवळपास तेवढेच राहिले आणि गेममध्ये एफपीएसची मर्यादा घातलेली नसेल, तर अडथळा प्रोसेसरकडे आहे.

“पैसे ग्राफिक्स कार्डात टाका.” ४के वर खेळणार असाल तर बव्हंशी बरोबर. पण १०८०पी आणि १४४ हर्ट्झच्या मॉनिटरवर प्रोसेसरला प्रत्येक फ्रेम ६.९ मिलिसेकंदांत तयार करावी लागते. तिथे महागडं कार्डही त्याची वाट बघत बसतं. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून चित्र काढणं) चालू केलं की प्रोसेसरचं काम आणखी वाढतं.

नव्या खरेदीत किमान ६ कोर, १२ थ्रेड घ्या. गेमसोबत इतर कामं चालू राहत असतील तर ८. त्यापुढचे पैसे कोरपेक्षा कॅशवर, म्हणजे प्रोसेसरमधल्याच वेगवान मेमरीवर, खर्चा. एएमडीच्या रायझन ७ ५८००एक्स३डी चा कमाल वेग ५८००एक्स पेक्षा कमी, ४.७ ऐवजी ४.५ गिगाहर्ट्झ, पण एल३ कॅश ३२ ऐवजी ९६ एमबी, आणि बहुतेक गेममध्ये तोच पुढे. १६ कोरच्या ७९५०एक्स३डी मध्ये मात्र ही जादा कॅश निम्म्याच कोरना आहे. चिपसेट ड्रायव्हर आणि एक्सबॉक्स गेम बार (गेम चालू आहे हे ओळखणारा विंडोजचा भाग) अद्ययावत नसले, तर गेम चुकीच्या अर्ध्यावर जाऊन एफपीएस घसरतात.

आणि रॅमची एकच पट्टी लावू नका. दोन पट्ट्या, चार स्लॉटच्या बोर्डावर सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये, आणि बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो (रॅम तिच्या जाहीर वेगाने चालवणारी सेटिंग) चालू.