स्लाऊची होम मॅच आणि मोज्यातलं रबर

शनिवारी दुपारी अडीचला मफलर गुंडाळून निघतोय तोवर कोल्हापूरहून आत्येभावाचा व्हिडिओ कॉल. तिकडं रात्रीचे आठ. मागं टीव्ही सुरू, पुढ्यात भडंगाची परात, गल्लीतली चार पोरं सतरंजीवर. "काय भावा, म्यॅच लावलीस न्हवं? साडेआठला सुरू हाय."

म्हटलं, "इथं दिसत नाही रे."

त्याला वाटलं चेष्टा करतोय. "इंग्लंडात राहून इंग्लंडची म्यॅच दिसत न्हाई? मग तिकडं काय बटाटं सोलाय गेलायस?"

दरवेळी समजावून दमलो, म्हणून आज इथंच लिहून टाकतो. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी पावणेतीन ते सव्वापाच या वेळेत फुटबॉलचा सामना टीव्हीवर थेट दाखवायला बंदी आहे. साठच्या दशकात बर्नलीचे अध्यक्ष बॉब लॉर्ड यांनी हा आग्रह धरला. मोठा सामना घरबसल्या दिसला तर लहान मैदानांवर कुणी फिरकणार नाही, असं त्यांचं म्हणणं. तो नियम अजून टिकून आहे. त्यामुळे तीन वाजताचा प्रीमियर लीगचा सामना शिवाजी पेठेत दिसतो, पण जिथं तो चाललाय तिथून वीस मैलांवर राहणाऱ्या मला दिसत नाही. पहिल्या वर्षी मी या नियमाला भरपूर शिव्या घातल्या. आता वाटतं, लॉर्डसाहेबांनी माझ्यावर उपकारच केले, कारण टीव्ही बंद म्हणून मी एका शनिवारी पाय मोकळे करायला बाहेर पडलो आणि स्टोक रोडवरून आर्बर पार्कात जाऊन पोचलो.

आर्बर पार्क म्हणजे स्लाऊ टाऊनचं मैदान. स्लाऊ कुठं असं विचारू नका. हीथ्रोला उतरून जे लंडनकडं न जाता उलट दिशेला जातात, त्यातली निम्मी मराठी माणसं इथं किंवा शेजारच्या लँगलीत असतात. एका बाजूला विंडसरचा राजवाडा, दुसऱ्या बाजूला ट्रेडिंग इस्टेट. 1932 मध्ये पहिला मार्स चॉकलेट बार याच गावात बनला. मी हीथ्रोला कार्गोत शिफ्ट करतो आणि आमच्या गल्लीत इडलीचं पीठ, पंजाबी लोणचं आणि पोलिश ब्रेड एकाच दुकानात मिळतो. असं गाव.

क्लब 1890 चा. टोपणनाव रेबल्स, म्हणजे बंडखोर. रंग पिवळाजर्द आणि गडद निळा. इंग्लंडमधल्या वरच्या चार विभागांत मिळून 92 क्लब, त्यांच्याखालचं सगळं ते नॉन-लीग. आम्ही नॅशनल लीग साउथमध्ये, वरून मोजलं तर सहाव्या पायरीवर. चोवीस संघ, सेहेचाळीस सामने. पहिला आला तो थेट वर, दुसरा ते सातवा प्लेऑफ खेळणार, शेवटचे चार खाली. बहुतेक खेळाडू अर्धवेळ. दिवसा नोकरी, आठवड्यातून दोन संध्याकाळी सराव, शनिवारी सामना. इथल्या मराठी ग्रुपवर कुणी तरी विचारलंच होतं, "सहाव्या दर्जाच्या मॅचला पैसे देऊन काय जातोस?" त्यांना म्हटलं, बाबांनो, मी कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉल बघत वाढलोय. तिथं दर्जा विचारायला कुणी जात नव्हतं.

तर शनिवारची मॅच. हवा बोचरी, आभाळ राखाडी, माणसं सातआठशे. टर्नस्टाइलमधून आत गेलं की डाव्या हाताला चहाचा कप, उजव्या हाताला फिफ्टी-फिफ्टीची तिकिटं विकणारी बाई. जमलेल्या पैशातले निम्मे विजेत्याला, निम्मे क्लबला. सहा वर्षांत मला एकदाही लागलेलं नाही. माझ्या मुलीला पहिल्याच दिवशी लागलं आणि ते तिनं चिप्समध्ये उडवलं.

इथं प्रेक्षकांत कुंपण नाही. पाहुण्यांचे समर्थक आणि आपले शेजारी शेजारी उभे. मध्यंतराला आणखी एक गंमत. संघांनी बाजू बदलल्या की समर्थकही बदलतात. आपला संघ ज्या गोलवर चढाई करणार, त्या जाळीमागं सगळे चालत जातात. वाटेत दोन्ही बाजूंची माणसं एकमेकांना "हॅलो, मेट" करत, बियरचे प्लास्टिकचे ग्लास सांभाळत ओलांडतात. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि दिलबहार या संघांच्या समर्थकांना मध्यंतराला अशी गॅलरी बदलायला सांगितली असती तर काय झालं असतं, ते कोल्हापूरकरांनी आपापलं कल्पून घ्यावं.

कठड्याला टेकून उभं राहिलं की मैदान हाताच्या अंतरावर. टीव्हीवर जे कधी कळत नाही ते इथं कळतं. गोलकीपर नव्वद मिनिटं बोलत असतो, अखंड, घसा फाटेपर्यंत. आघाडीवीर आणि स्टॉपर कोपरानं एकमेकांना ढोसत असतात आणि तोंडानं पावसाबद्दल बोलत असतात. लाइन्समनच्या कानामागं एक आजीबाई दर ऑफसाइडला त्याच्या चष्म्याची चौकशी करतात. तोही बिचारा एकदा मागं वळून म्हणाला, "नवाच केलाय." 

पहिल्या अर्ध्यात कॉर्नरवरून आम्ही गोल खाल्ला. दरवेळी कॉर्नरवरूनच खातो. जवळच्या खांबापाशी कुणीच नसतं, हे मला दिसतं, आजीबाईंना दिसतं, डगआउटमध्ये दिसत नाही. मध्यंतरानंतर खेळ सुधारला. उजव्या बगलेवरचा पोरगा एकटा झुंजत होता. शेवटच्या दहा मिनिटांत त्यानं बगलेवरून गोलसमोर टाकलेला क्रॉस कुणाच्या तरी खांद्याला की कानाला लागून आत गेला. एक-एक. गोल झाला तेव्हा शेजारच्या अनोळखी माणसानं मला मिठी मारली आणि माझा चहा त्याच्या पाठीवर सांडला. दोघांनी एकमेकांची माफी मागितली. इंग्लंड.

तक्त्यात आम्ही मधल्याच्या किंचित खाली. वर जायची आशा नाही, खाली जायची भीती अगदीच गेलेली नाही. म्हणाल तर हंगामाची प्रगती शून्य.

पण या "प्रगती" शब्दावरूनच मला खरं बोलायचंय.

कठड्यापाशी माझ्या शेजारी एक म्हातारबुवा असतात. सत्तरीला टेकलेले, हातात थर्मास. 1973 साली स्लाऊ टाऊन अमॅच्युअर कपच्या, म्हणजे हौशी संघांच्या चषकाच्या, अंतिम सामन्यासाठी लंडनच्या वेंब्ली स्टेडियमवर गेला तेव्हा हे वडिलांबरोबर बसनं गेले होते. वॉल्टन अँड हर्शमनं 1-0 नं हरवलं. ते अजून त्या गोलबद्दल असं बोलतात की जणू परवाच झाला. मी त्यांना पहिल्या वर्षी विचारलं होतं, क्लबचा सगळ्यात चांगला हंगाम कुठला? मला वाटलं, 1993 म्हणतील. त्या वर्षी कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आताच्या नॅशनल लीगमध्ये, आमच्या वरच्याच पायरीवर, स्लाऊ पाचवा आला होता. फुटबॉल लीगचं, म्हणजे प्रीमियर लीगखालच्या तीन विभागांचं, दार अगदी समोर. पण बुवा म्हणाले, "2016."

2016 मध्ये क्लब वर गेला नव्हता. चषक जिंकला नव्हता. 2016 च्या ऑगस्टमध्ये आर्बर पार्क सुरू झालं, एवढंच.

त्याआधीची कहाणी अशी. जुनं मैदान वेक्सहॅम पार्क. ते क्लबच्या ताब्यातलं नव्हतं. 1998 मध्ये संघ कॉन्फरन्समध्ये आठवा आला आणि तरीही त्याला खाली ढकलण्यात आलं, कारण मैदानावर नियमाप्रमाणे पुरेशा खुर्च्या नव्हत्या. खेळाडूंनी मैदानावर जे कमावलं ते मैदानानंच घालवलं. पुढं 2003 मध्ये वेक्सहॅम पार्कही सोडावं लागलं. मग तेरा वर्षं हा क्लब स्लाऊ नाव लावून स्लाऊबाहेर खेळला. आधी विंडसरला, नंतर बिकन्सफील्डला. कागदावर "होम" मॅच, पण त्यासाठी बस धरून दुसऱ्या गावी जायचं, दुसऱ्याच्या कॅन्टीनमध्ये चहा प्यायचा, त्याचे पैसे दुसऱ्याच्या गल्ल्यात. बुवा म्हणाले, "आम्ही तेरा वर्षं पाहुणे म्हणून राहिलो. पाहुण्याला तिसऱ्या दिवशी कळतं की आपण पाहुणे आहोत." हे ते इंग्रजीत म्हणाले, पण मला मराठीतच ऐकू आलं.

मला हे समजायला वेळ लागला, कारण माझ्या डोक्यात होम मॅच ही कल्पनाच नव्हती. कोल्हापुरात सगळ्यांचं मैदान एकच, शाहू स्टेडियम. केएसएच्या, म्हणजे कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनच्या, वरिष्ठ गटातले सोळा संघ, सगळे तिथंच. पाटाकडील, खंडोबा, प्रॅक्टिस, दिलबहार, आमचं शिवाजी तरुण मंडळ, कुणाचीच होम मॅच नाही आणि कुणाचीच बाहेर नाही. पण तालीम पेठेत आहे. मॅच हरून आलं की तालमीच्या पायरीवर बसता येतं. तिथंच शिव्या खायच्या, तिथंच पुढच्या वर्षी कुठला पोरगा फोडायचा याची खलबतं. मैदान नसलं तरी संघाला घर आहे. स्लाऊचं नेमकं उलटं झालं होतं. संघ होता, नाव होतं, जर्सी होती, पायरी नव्हती. त्याच काळात 2014 मध्ये त्यांनी लीगची एक पायरी चढली, तीही भाड्याच्या घरातून, हे मला आजही वेडेपणाचं वाटतं. आर्बर पार्कात आल्यावर दोन वर्षांत, 2018 ला, आणखी एक चढली. त्याच वर्षी डिसेंबरात एफए कपच्या, म्हणजे लहानमोठ्या क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेच्या, दुसऱ्या फेरीत जिलिंगहॅमचा संघ इथं आला आणि कसाबसा 1-0 नं जिंकून गेला. जिलिंगहॅम तेव्हा आमच्या तीन पायऱ्या वरचा.

आर्बर पार्क नगरपालिकेचं आहे आणि तिथलं गवत प्लास्टिकचं. ज्यांनी हिरव्यागार वेंब्लीची स्वप्नं पाहिलीत त्यांना ते बघून थोडं वाईट वाटतं. चेंडूचा आवाजही वेगळा येतो, जरा पोकळ. पण खऱ्या गवतावर आठवड्यात दोनतीन सामने झाले की चिखल. हे प्लास्टिक रोज वापरता येतं. शाळांची मुलं खेळतात, संध्याकाळी भाड्यानं जातं, आणि माझी मुलगी बुधवारी त्यावरच सराव करते. त्या गवताच्या मुळाशी रबराची काळी बारीक रवाळ भुकटी असते. ती तिच्या बुटात, मोज्यात, तिथून गालिच्यावर आणि शेवटी वॉशिंग मशीनमध्ये. बायको दर गुरुवारी मशीनचं रबरी तोंड पुसताना माझ्या नावानं ओरडते. परवा माझ्या हीथ्रोच्या युनिफॉर्मच्या खिशात मोहरीएवढे चार दाणे निघाले.

आता यातली मेख. फुटबॉल लीगच्या विभागांत असलं गवत चालत नाही. 2020 मध्ये हॅरोगेट वर गेला, 2021 मध्ये सटन युनायटेड, दोघांनाही आपलं मैदान उखडून खरं गवत लावावं लागलं. आम्ही अजून दोन पायऱ्या खाली, म्हणजे हे तूर्त दूरचं दुखणं. पण एकच पायरी चढलो तरी दुसरं आहे. आपल्या पायरीवर हातात बियर घेऊन मैदानाकडं बघत उभं राहता येतं. वरच्या पायरीवर कायद्यानं ते बंद, बियर प्यायची तर मैदान दिसणार नाही अशा जागी जाऊन. अशी यादी करून शनिवारी मी बुवांना म्हटलं, "मला विचाराल तर आपण आहोत तिथंच बरे. वर जाऊन काय मिळणार? बियर जाणार, पुढंमागं गवत जाणार, पोरांचा सराव जाणार."

बुवांनी थर्मासचं झाकण लावलं. माझ्याकडं असं बघितलं की मी त्यांच्या घरात बूट घालून शिरलोय.

"तू आलास तेव्हा मैदान होतं," ते म्हणाले. "म्हणून तुला असं बोलता येतं. आम्ही आठवे येऊन खाली गेलोय. आम्हाला ते परत पाहिजे. बियर मी घरी पिईन."

गप्प बसलो. वर्षानुवर्षं मला वाटत होतं की लहान क्लबाचं लहानपण जपणं हेच खरं प्रेम. ते बाहेरून आलेल्याचं प्रेम आहे. कोल्हापुरात सुट्टीवर येणाऱ्या मंडळींना रंकाळ्याच्या काठावर काही म्हणजे काही बदललेलं नको असतं, तशातलं. गावातच राहणाऱ्याला बदल हवा असतो, फक्त त्यात आपली जागा हिरावली जाऊ नये एवढंच त्याचं म्हणणं. आणि बुवांचा राग रास्त आहे. नॅशनल लीगमधून फुटबॉल लीगमध्ये 2003 पासून वर्षाला दोनच संघ जात आलेत, तिसरी जागा द्या म्हणून क्लबांनी मोहीम काढली. एफए कपमध्ये बरोबरी झाली की सामना दुसऱ्या संघाच्या मैदानावर पुन्हा खेळायचा, तो रिप्ले. पहिल्या फेरीपासूनचे हे रिप्ले 2024-25 पासून बंद केले. मोठ्या क्लबांच्या वेळापत्रकाला ते जड होत होते म्हणे. लहान क्लबाला मोठ्या मैदानावरचा एक रिप्ले म्हणजे वर्षाची बेगमी. त्यातून नवं फ्लडलाइट येतं, बायकांच्या संघाचा बसचा खर्च निघतो. बॉब लॉर्डनं टीव्ही बंद ठेवून दिलेलं, आताच्या कारभाऱ्यांनी असं काढून घेतलं.

घरी आल्यावर आत्येभावाला फोन लावला. त्याची मॅच संपून जेवणंही झाली होती. "काय झालं तुमच्या स्लाऊचं?"

"एक-एक."

"कोण भारी खेळलं?"

उजव्या बगलेवरच्या पोराचं सांगितलं. कसा तो दोघांना चकवून रेषेपर्यंत गेला, कसा क्रॉस टाकला. तो ऐकत राहिला, मग म्हणाला, "भावा, त्याला सीझन संपल्यावर हिकडं पाठव. खेळवतो पेठेकडनं."

मंगळवारी रात्री पावणेआठला पुन्हा होम मॅच आहे. शिफ्ट बदलून मागितलीय, अजून उत्तर आलेलं नाही. बुवांनी सांगून ठेवलंय, थंडी वाढणार आहे, चहा मी आणतो, तू तेवढा सांडू नकोस.