‘कॅथलिक म्हणजे ख्रिस्ती नव्हेत’ हा दावा टिकत नाही

‘कॅथलिक हा शब्द बायबलमध्ये नाही. चौथ्या शतकात सम्राट कॉन्स्टंटाईनने तो पंथ काढला. ते मरियेची उपासना करतात. म्हणून ते ख्रिस्ती नव्हेत.’ असा मजकूर फार फिरतो आहे. मी प्रोटेस्टंट, म्हणजे सोळाव्या शतकात रोमपासून वेगळ्या झालेल्या ख्रिस्ती परंपरेतला आहे, आणि आमच्याच बाजूने हे पसरतं याचं मला वाईट वाटतं.

शब्द बायबलमध्ये नाही, हे खरं. पण ‘त्रैक्य’ (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) हा शब्दही त्यात नाही, म्हणून आपण त्रैक्य सोडलं का?

कॉन्स्टंटाईनचं म्हणाल तर अंत्युखिया या प्राचीन शहराचा बिशप (धर्माध्यक्ष) इग्नाशियस आठवा. दहा सैनिकांच्या पहाऱ्यात त्याला देहदंडासाठी रोमला नेत होते. वाटेत त्याने स्मुर्णा शहरातल्या मंडळीला (चर्चला) पत्र लिहिलं: जिथे येशू ख्रिस्त, तिथे कॅथलिक मंडळी. काळ साधारण इ.स. ११०. कॉन्स्टंटाईन जन्मायला अजून दीडशेहून अधिक वर्षं होती! शब्दाचा अर्थ ‘समग्र, सार्वत्रिक’. आणि शिष्यांना ‘ख्रिस्ती’ हे नाव पहिल्यांदा मिळालं ते कुठे? त्याच अंत्युखियात (प्रेषितांची कृत्ये ११:२६). कॉन्स्टंटाईनने ३१३ मध्ये ख्रिस्ती लोकांना उपासनेची मोकळीक दिली, ३२५ मध्ये निसिया इथे बिशपांची परिषद बोलावली. धर्म काढला नाही.

खरा वाद वेगळाच आहे. मतांगीकारात (विश्वासाच्या जाहीर कबुलीत) आपण प्रोटेस्टंटही ‘एकच, पवित्र, सार्वत्रिक मंडळी’ म्हणतो. ते ‘सार्वत्रिक’ म्हणजेच ‘कॅथलिक’. ती मंडळी पूर्णत्वाने कॅथलिक चर्चमध्येच आहे असं रोम, म्हणजे त्या चर्चचं नेतृत्व, मानतं. ती सगळ्या विश्वासणाऱ्यांची आहे असं आपण मानतो. म्हणूनच आपल्यातले अनेकजण ‘रोमन कॅथलिक’ म्हणण्याचा आग्रह धरतात. हा मतभेद खोल आहे. तो मांडायला खोट्या इतिहासाची गरज नाही.

मरियेच्या प्रार्थनेतलं क्रियापद नीट ऐका: ‘आम्हा पाप्यांसाठी विनंती कर.’ तारण कर, असं नाही. उपासना फक्त देवाची, संतांना आदर, हा भेद ७८७ च्या निसियाच्या दुसऱ्या परिषदेने स्पष्ट केला. मध्यस्थ एकच, येशू ख्रिस्त (१ तीमथ्य २:५), म्हणून संतांकडे विनंती नको, ही आपली हरकत मी ठामपणे धरतो. पण ती हरकत आहे, कुणाला ख्रिस्ती नावातून काढून टाकण्याचं कारण नव्हे.

उलट बाजूनेही ‘प्रोटेस्टंट म्हणजे नुसते विरोधक’ असं म्हटलं जातं. १५२९ मध्ये जर्मनीतल्या श्पायरच्या सभेत सहा राजे-सरदार आणि १४ शहरांनी जे निषेधाचं निवेदन दिलं, त्यावरून हे नाव पडलं; मूळ लॅटिन क्रियापदात जाहीर साक्ष देणं हा अर्थही आहे.

आणि रोमचं म्हणणं? १९६४ मध्ये कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने आपल्याला ‘ख्रिस्ती’ म्हणणं योग्यच ठरवलं. पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने पाण्याने रीतसर बाप्तिस्मा झालेला प्रोटेस्टंट कॅथलिक झाला, तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा देत नाहीत.