तंद्री लागली की जीभ सुटते

स्टुटगार्टमध्ये जर्मनच्या वर्गात बाईंनी आम्हा दोघांना पाठीला पाठ लावून बसवलं. माझ्या हातात एका खोलीचं चित्र, मागच्या सीरियन गृहस्थांच्या हातात त्याच खोलीचं थोडं बदललेलं. फरक आठ, शोधायचे फक्त बोलून. सातवा सापडला, आठवा काही केल्या सापडेना. दोघंही हट्टाला पेटलो. वेळ संपल्याचं बाईंनी सांगितलं तेव्हा कुठे लक्षात आलं, की अर्धा तास आपण जर्मन बोलत होतो.

त्या अर्ध्या तासात मी चुका भरपूर केल्या. मराठीसारखीच जर्मनमध्येही तीन लिंगं, म्हणून मी निर्धास्त होते. पण इथे सूर्य स्त्रीलिंगी! बाईंनी मध्येच अडवलं नाही. वहीत टिपून घेतलं आणि शेवटी सगळ्यांच्या चुका, कुणाचंही नाव न घेता, फळ्यावर लिहिल्या. ती ‘सूर्यबाई’ मी पुन्हा विसरले नाही.

साताऱ्याच्या शाळेत मी पाचवीपासून इंग्रजी शिकले. धडे वाचले, प्रश्नोत्तरं पाठ केली, गुणही मिळवले. पण ज्याचं उत्तर मला खरोखर हवं होतं असा एकही प्रश्न मी त्या वर्गात कुणाला इंग्रजीतून विचारला नाही.

म्हणून 2025 मध्ये पहिलीपासून हिंदीचा वाद पेटला तेव्हा मी इथून अस्वस्थ होऊन वाचत होते. एप्रिलमध्ये शासन निर्णय निघाला, जूनमध्ये बदलला आणि 29 जूनला दोन्ही रद्द झाले. सहा वर्षांच्या लेकरावर तिसरी भाषा लादू नये, हे मला पटतं. मात्र सगळा वाद ‘कितवीपासून’ यावरच झाला. तासाला मूल तोंड उघडतं का, त्यात रमतं का, हे कोण विचारणार?

तिकडचे शिक्षक म्हणतील, पन्नास मुलांच्या वर्गात हे जमायचं कसं? अडचण खरी आहे. शिवाय इथे घरमालक, डॉक्टर, दुकानदार रोज बोलायला भाग पाडतात. साताऱ्यात जर्मनची अशी गरज कुठून येणार? पण म्हणून तर ती वर्गात निर्माण करायची. एका चित्राच्या दोन प्रतींना पैसे पडत नाहीत. गलका होईल, तो मुख्याध्यापकांनी सोसायला हवा.

आता हे तातडीचंही झालंय. 2024 मध्ये महाराष्ट्राने आमच्या या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. माझी भाचीही परिचारिका म्हणून यायच्या तयारीत आहे. गोएथे या जर्मन भाषासंस्थेच्या बी-वन, म्हणजे मधल्या पातळीच्या, तोंडी परीक्षेत दोघांना मिळून एखादा बेत ठरवावा लागतो. म्हणून आम्ही फोनवर जर्मनमधून कासची सहल ठरवतो. परवा मी म्हटलं, जुलैमध्ये जाऊ. ती उसळलीच: ‘मावशी, जुलैमध्ये फुलं नसतात, नुसता चिखल!’ चिखलाला जर्मन शब्द तिला येत नव्हता. पाय रुतल्याचा आवाज काढून तिने मला तो समजावला.